मामाने तोंडाने ओढलेलं पाणी

मामाने नळीचं टोक तोंडात धरलं, गाल आत घेतले आणि जीव खाऊन ओढलं. दुसऱ्याच क्षणी त्याचे डोळे बाहेर आले. नळीतून आधी पाणी आलंच नाही. आला तो शेवाळाचा बुळबुळीत गोळा, आणि त्या गोळ्यात माझ्या माशाचं कालपासूनचं सगळं पोटातलं. मामाने अर्धं गिळलं. उरलेलं बेसिनपर्यंत पोचलं नाही.

"शीऽऽ!" आई, बाबा आणि मी एका सुरात ओरडलो.

"पण झालं ना सुरू?" मामा हनुवटी पुसत म्हणाला. हनुवटीवर अजून एक हिरवा धागा लोंबत होता. मी त्याला सांगितलं नाही. बघवतच नव्हतं, तर सांगणार काय?

माझा मासा म्हणजे भुक्कड. जातीने गोल्डफिश. आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता, आता बाबांच्या पंजाएवढा झालाय. गोल्डफिश म्हटलं की लोकांना वाटतं, अय्या, किती गोड! त्यांना तो फक्त समोरून माहीत असतो. मागून त्याची काळपट दोरी अखंड लोंबत असते. तोंडाने खाणं चालू, मागून सोडणं चालू, आणि मध्ये तो माझ्याकडे असा प्रेमाने बघतो की राग धरता येत नाही. पण टाकीला वास मारायला लागला होता. ओल्या मोज्यात अंडं फोडून ठेवल्यासारखा वास. म्हणून बाबांनी ठरवलं, की टाकीच्या खाली कपाटात दुसरी छोटी टाकी ठेवायची. वरचं घाण पाणी खाली उतरेल, स्पंजातून गाळलं जाईल आणि पंप ते परत वर चढवेल.

भांडण लागलं ते वरचं पाणी खाली उतरवायचं कसं, यावरून. एक तर टाकीच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक पाडून पाइप बसवायचा. पाणी भोकाशी आलं की आपोआप खाली पडतं, विषय संपला. किंवा काठाला एक पेटी अडकवायची. तिची वाकडी नळी काठावरून पाणी ओढून आणते, आणि ती चालू करायला कुणाला तरी तोंड लावून हवा काढावी लागते. मी भोकाच्या बाजूने होते. मामा पेटीच्या.

"धडधाकट काचेला भोक पाडतं का कुणी?" मामा म्हणाला होता. "काच तडकली म्हणजे? माझ्या मित्राची जुनी पेटी पडून आहे. अजून एकदम टकाटक."

टकाटक पेटीच्या तळाशी वाळलेली गोगलगाय चिकटली होती. आईने ती बघितली आणि हातातला घास ताटात परत ठेवला.

माझे बाबा फरशी बसवतात. लोकांच्या बाथरूममधल्या टाइल्सना दिवसभर ड्रिलने भोकं पाडतात, आणि तोच माणूस घरच्या टाकीसमोर उभा राहिला की थंडगार. "पेटीच लावू," ते पुटपुटले. "उगाच रिस्क कशाला?"

आईने मात्र तेव्हाच अट घातली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. "त्या चादरींवर काय काय असतं ते तुम्हाला जेवताना सांगू का? नाही ना? मग ऐका. ते सगळं धुऊन मी घरी येते. घरात मला फरशीवर घाण पाण्याचा थेंब नकोय. एकदा जरी सांडलं, तर हा मासा दातवाल्या डॉक्टरांकडे जाणार. त्यांनी कधीचा मागितलाय."

दातवाल्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये टाकी आहे. तिच्या तळाशी भलीमोठी प्लास्टिकची कवळी ठेवलीय. ती सारखी आ करते आणि आतून बुडबुडे सोडते. माझा भुक्कड जन्मभर कुणाच्या तरी जबड्यात राहणार!

तर पेटी लागली. काही दिवस बरं चाललं. बरं म्हणजे, पेटीच्या कोपऱ्यात रोज शेंबडासारखा पापुद्रा जमायचा आणि तो मी चमच्याने काढायचे. चमचा कुठला होता ते आईला अजून माहीत नाही.

मग रविवार आला. बाबा आणि मी माशाचं खाणं आणायला गेलो होतो. परत येतोय तर जिन्यातच मामाची किंकाळी ऐकू आली. मामा नोकरी लागेपर्यंत आमच्याकडे आहे, आणि त्याची गादी हॉलमध्ये टाकीच्या पायथ्याशी असते. मी आत धावले. टाकीच्या काठावरून पाणी शांतपणे सांडत होतं. मामाची गादी पिऊन पिऊन फुगली होती, आणि मामा तिच्यावर बसून डोक्याच्या केसांतून काहीतरी काळपट दोरीसारखं उपसत होता.

"मला वाटलं, स्वप्नात कुणीतरी चाटतंय," तो रडक्या आवाजात म्हणाला. "मी हसत होतो गं!"

मी पळत जाऊन पंप बंद केला. भुक्कड ठीक होता. उलट त्याला मजा वाटत असावी. पण आई फडकं घेऊन दारात उभी होती आणि तिच्या दुसऱ्या हातात फोन होता.

"डॉक्टर संध्याकाळी येतायत," ती म्हणाली. "ठरलं होतं आपलं."

एरवी मी रडले असते आणि दार आपटून आत गेले असते. या वेळी तिथेच उभी राहिले, त्या पचपच करणाऱ्या गादीच्या कडेला. मोज्यातून काहीतरी कोमट आत शिरत होतं.

"आई, आम्ही गेल्यावर तू बाहेर गेली होतीस?"

"शेजारी. पाच मिनिटं."

"बटणं बंद केलीस?"

"केली की. शेवटी निघेल त्याने बोर्डावरचं एकूणएक बटण खाली करायचं. लाँड्रीत एकदा इस्त्री चालू राहिली होती, तेव्हापासून हात आपोआप जातो."

"शेवटी निघेल त्याने?" मामा ओरडला. "अगं ताई, मी घरातच होतो!"

"तू झोपला होतास. तुला धरत नाही मी," आई म्हणाली. "आल्यावर पंखा लावायला सगळी बटणं पुन्हा वर केली. त्यात काय?"

"तेच सांगते. बघा आता." मी पंप चालू केला. खालून पाणी चढायला लागलं. पेटीची वाकडी नळी मात्र ढिम्म. तिच्यात हवेचा लांबलचक बुडबुडा बसला होता. "पंपाचंही बटण बंद झालं, पेटीतलं पाणी उतरलं, नळीत हवा शिरली. पंप परत सुरू झाला तरी नळी ओढतच नाही. मग पाणी जाणार कुठे? मामाकडे."

पाणी पुन्हा काठावरून सांडायच्या आत मी पंप थांबवला.

"म्हणजे चूक माझी?" आईने फडकं पिळत विचारलं. फडक्यातून जे गळलं ते पाहून तिने मान फिरवली.

"तुझी कशी? पेटीची. घरातल्या माणसांनी बटणाला हात लावायचा नाही, अशी वस्तू घरात ठेवायचीच कशाला? भोक पाडलं तर तू बटण हवं तितक्यांदा बंद कर. पाणी भोकापर्यंत उतरेल आणि थांबेल. चालू केलंस की पुन्हा वाहेल. तुझी सवय राहील आणि माझा मासाही राहील."

"नाहीतर पेटी आहेच की," बाबा हळूच म्हणाले. "फक्त दर वेळी नळी ओढायची."

"ओढायची कुणी?" मी विचारलं.

सगळे मामाकडे वळले.

"माझ्याकडे बघू नका!" मामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मागचं अजून खाली उतरलेलं नाही."

बाबा छताकडे बघायला लागले. मी नळी काढली आणि आईसमोर धरली. तिच्या टोकातून एक हिरवा थेंब आला, लांबला, लोंबकळला, पण पडेना.

"आई, तू?"

आईचा चेहरा असा झाला, जणू हॉस्पिटलच्या सगळ्या चादरी एकदम नाकासमोर आल्या. तिने ओकारी गिळली आणि बाबांना म्हणाली, "पाड भोक. आत्ताच्या आत्ता."

मी टाकी बनवणाऱ्या दुकानात फोन केला. तळाची काच कडक केलेली आहे, तिला हात लावाल तर चुरा होईल, मागची साधी आहे, खुशाल पाडा, असं त्यांनी सांगितलं. भुक्कडला आईच्या कपड्यांच्या टबात सोडलं. ("माझ्या टबात? माझ्या?") टाकी रिकामी केली. तळाचा गाळ खरवडताना मला कळलं की आपण काय काय पाळत होतो.

बाबांनी टाइल्सना भोकं पाडायचं गोल बिट ड्रिलला लावलं आणि तसेच थांबले.

"लोकांची टाइल फुटली तर मी दुसरी लावतो," ते म्हणाले. "ही फुटली तर तुझ्या माशाला ठेवायचं कशात?"

"बाबा, मी पाणी धरते. तुम्ही जोर नका लावू, नुसतं फिरू द्या."

मी बाटलीने पाण्याची धार धरली. ड्रिल घरघरलं. काचेचा पांढरा राडा माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, दातांखाली वाळू आल्यासारखं वाटलं. मामा जिन्यात जाऊन उभा राहिला होता आणि "फुटली का?" असं सारखं विचारत होता. मग टक् झालं. काचेची गोल चकती बाबांच्या तळहातावर पडली. टाकीवर एक चराही नव्हता.

रबराची चकती, नट, पाइप. पाणी भरून भुक्कडला परत सोडतोय तेवढ्यात डॉक्टर आले, हातात झाकणाची बादली घेऊन.

"सॉरी डॉक्टर, आजचं रद्द," आई म्हणाली.

"का हो?"

"आधी मला बघायचंय." तिने चपला काढल्या आणि आपले नवेकोरे पांढरे मोजे घातले. बोर्डावरची सगळी बटणं खाली केली आणि आम्हा सगळ्यांना, डॉक्टरांनाही, जिन्यात काढलं. या वेळी मामालाही धरलं. थोड्या वेळाने ती आत गेली, बटणं वर केली, आणि टाकीभोवती फेऱ्या मारायला लागली. एक फेरी, परत एक. पाइपमधून गुळगुळ आवाज येत होता. मी दारातून तिचे पाय बघत होते.

शेवटी ती खुर्चीवर बसली आणि तळवा वर करून मोजा चाचपला.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

मी किंचाळणारच होते, पण तिने मोजा नीट उजेडात धरला आणि तिचं नाक पुन्हा आक्रसलं. तळवा काळाकुट्ट झाला होता. त्यावर केस चिकटले होते आणि एक वाळलेला भाताचा दाणाही.

"मासा राहू दे," आई म्हणाली. "आज फरशी पुसायची पाळी कुणाची होती?"

मामा डॉक्टरांच्या मागे लपायला बघत होता.