मुद्दाम चुकवलेली चाचणी

आमच्या गावात मुलगी नवऱ्याच्या नाकावर भाळत नाही. दर मोसमात ते नवं असतं. रसेलचं तर आमच्या लग्नाच्या फोटोतही वाकडं आहे. आमच्याकडे रग्बी म्हणजे तेरा जणांची, खाणकामगारांची. पंधरा जणांची ती साहेबांची वेगळी. तिचं नाव माझ्या सासऱ्यांसमोर काढलं असतंत तर ताटावरून उठवलं असतं त्यांनी. रसेल पहिल्या फळीत खेळायचा. काम सोपं: चेंडू छातीशी धरायचा, मान खाली घालायची आणि समोरच्या धटिंगणांवर जाऊन आदळायचं. पडलं की उठायचं आणि परत तेच. गुडघे गेले तेव्हा तो त्याच संघाचा कोच झाला. यॉर्कशरच्या या कोपऱ्यातल्या खाणी बंद झाल्या, बँक गेली, संघ तेवढा उरला. मी त्या संघाचे कपडे धुते. कोणाच्या अंगातून किती रक्त गेलं, हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं.

आता त्या चाचणीबद्दल. मोसमाच्या आधी, डिसेंबरात, प्रत्येक खेळाडूला कॉम्प्युटरसमोर बसवतात. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा, असलं काहीबाही. ते गुण जपून ठेवतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच चाचणी परत घेतात आणि गुण पहिल्यापेक्षा घसरले तर खेळाडूला घरी बसवतात. आमची पोरं काही दुधखुळी नाहीत. ती पहिली चाचणीच मुद्दाम चुकवतात. मुळात तळाशीच बसलेला माणूस घसरणार कुठे? ही युक्ती रसेलची. खेळाडू असताना स्वतः करायचा, कोच झाल्यावर पोरांना डोळा मारून सांगायचा, "आज जरा मंद व्हा रे. तुम्हाला काही जड जाणार नाही."

एकदा डोक्याला लागल्यावर मध्यंतरात तो सरळ दुसऱ्या संघाच्या खोलीत जाऊन बसला, त्यांचा चहा प्यायला आणि त्यांच्या कोचच्या शिव्याही निमूट ऐकल्या. त्यानंतरची चाचणी पास. क्लबच्या बारमध्ये त्या गोष्टीवर आम्ही वर्षानुवर्षं पोट धरून हसलो. सगळ्यात मोठ्याने मी.

मग गेल्या वर्षी त्याने संघ जाहीर करताना एकाच पोराला दोन जागांवर उभं केलं. पोरांना गंमत वाटली. त्याच आठवड्यात कर्णधाराला, आर्मिटेजला, त्याने त्या पोराच्याच बापाच्या नावाने हाका मारल्या. बाप वारून बरीच वर्षं झाली होती. मी रसेलला धरून लीड्सला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी बाहेर बसले. आतून तो आला तो डोळा मारतच.

"मुद्दाम चुकवली," तो म्हणाला.

"काय चुकवलीस?"

"चाचणी गं. पहिलीच आहे ना? आता तळाशी बसलो, म्हणजे पुढच्या वेळी वर दिसेन. ही कशी द्यायची ते मला तू शिकवणार?"

"मूर्खा, हा दवाखाना आहे. इथे तुला संघातून कोण काढतंय?"

"कोचला सगळ्यात आधी काढतात," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली माझ्याकडे टाकली.

मी रस्ताभर त्याला झोडपलं, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. वाटेत थांबून आम्ही मासे आणि बटाट्याचे काप खाल्ले, व्हिनेगर ओतून. पुढे दवाखान्यातून फोन आला, आणखी तपासण्या करायच्या आहेत म्हणून. त्यांना आमच्या खेळातलं काय कळणार, असं म्हणून दोघांनीही तो विषय बाजूला टाकला.

वर्षभर पोरांनी त्याला सांभाळून घेतलं. संघ आर्मिटेजच वाचून दाखवायचा, रसेल शेजारी हाताची घडी घालून उभा. शेवटी एका सकाळी सरावाला निघालेला हा माणूस बंद पडलेल्या खाणीच्या फाटकाशी सापडला, तेव्हा मी परत लीड्स गाठलं.

या खेपेला त्याने तयारी केली. आठवडाभर बिअरला शिवला नाही, त्या सकाळी गुळगुळीत दाढी केली. दाराच्या काचेतून मला त्याची मान दिसत होती, समोरून कोणी धावून येतंय अशी ताठलेली. बाहेर आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "गुण गेल्या वेळेपेक्षाही कमी आहेत," त्या म्हणाल्या.

"गेल्या वेळचं धरू नका बाई," मी म्हटलं. "ती याने मुद्दाम चुकवली होती. सांग की रे त्यांना."

रसेल आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. "नव्हती चुकवली, जॅनिन."

"म्हणजे?"

"तेव्हाही जीव तोडूनच दिली होती. बाहेर आलो तर तुझा चेहरा बघवेना. तोंडाला येईल ते बोललो."

मला त्याचा इतका राग आला की बाईंच्या देखत एक ठेवून द्यावीशी वाटली. एक आख्खं वर्ष. आणि मी विश्वास ठेवला, कारण गावात कोणीही ठेवला असता. मी त्याचा हात धरला.

मेंदूला आयुष्यभर जे दणके बसले त्यांचंच हे, बाई म्हणाल्या. कोचिंग आता थांबवा. रसेलने मान डोलावली. गाडीत बसल्यावर म्हणाला, "गुरुवारी पोरांची चाचणी आहे. एकदा जाऊन सांगू दे."

गुरुवारी क्लबच्या खोलीत पोरं बाकांवर बसली होती. रसेल पुढे उभा राहिला. मी धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन दारात.

"पोरांनो," तो म्हणाला, "आज चाचणी खरी द्या. सगळा जोर लावून."

खोली हसून लोळायला लागली. आर्मिटेजने डोळा मारला. "कळलं, कोच. मंदच होतो."

"नाही रे. खरंच सांगतोय."

"सिओनेने जोर लावला तरी गुण तेवढेच पडायचे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि पहिल्या फळीतला तो अगडबंब सिओनेसुद्धा हसला.

रसेलचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पुढचं वाक्य त्याला सापडेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी खाली ठेवली आणि पोरांना सगळं सांगितलं. दोन्ही चाचण्यांचं, डॉक्टरीणबाईंचं, आणि आजनंतर तो येणार नाही हेही.

सिओनेने टोपीत तोंड लपवलं. आर्मिटेज मान खाली घालून बसला.

रसेलने त्या गप्प बसलेल्या पोरांवरून नजर फिरवली. त्या खोलीतली तसली शांतता त्याने आयुष्यभर एकाच कारणाने ऐकली होती. तो पुढे झाला आणि आर्मिटेजच्या डोक्यावर हात ठेवला.

"चला, माना वर करा," तो मायेने म्हणाला. "एक सामना हरलात, आभाळ नाही कोसळलं. उद्या या, कुठे चुकलं ते बघू."

आर्मिटेजने मान वर केली. "हो, कोच," तो म्हणाला. "उद्या बघू."