आयव्हन मॉफिटचे चौदा तास

शुक्रवार, २२ मार्च २०१९, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. डिम्प्ना कॉनली आयव्हन मॉफिटचे लोकरी मोजे पिशवीत भरत असताना रेडिओवरच्या बाईने सांगितलं, की तारीख पुढे गेली. ब्रिटन पुढच्या शुक्रवारी युरोपातून बाहेर पडणार नव्हतं. आता बारा एप्रिल. लंडनच्या पार्लमेंटने बाहेर पडण्याचा करार मान्य केलाच, तर बावीस मे. ब्रसेल्समध्ये काल तसं ठरलं होतं.

डिम्प्नाच्या हातात मोज्यांचा चौथा जोड होता. तो तिने पिशवीत टाकला नाही, पलंगावर ठेवला.

"काय म्हणाली ती?" स्वयंपाकघरातून आयव्हनने विचारलं.

"तारीख ढकलली."

"मग मला नेत नाहीत का आज?"

पाव संपला का, असं विचारावं तशा आवाजात त्याने हे विचारलं. डिम्प्नाने घड्याळ पाहिलं. मोनाहन गावातल्या वृद्धाश्रमाची गाडी अकराला येणार होती. घरसेवेचं कार्यालय नऊला उघडायचं. तिने सांगितलं, की मी फोन करते, तोवर तुम्ही अंडं संपवा.

आयव्हन शहाऐंशी वर्षांचा होता. लग्न केलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गोठ्यात पडून खुबा मोडला आणि तेव्हापासून त्याला एकट्याने पलंगावरून उठता येत नसे. सरकारी घरसेवेतून त्याला आठवड्याचे चौदा तास मंजूर झाले होते, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. ते तास डिम्प्नाचे होते. ती त्याला उठवायची, धुवायची, कपडे चढवायची, चूल पेटवून खुर्चीत बसवायची आणि संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने करायची. मधल्या वेळात आयव्हन आपल्या घरात आपला मालक असायचा. म्हणजे ते दोन तास होते म्हणून बाकीचे बावीस त्याचे होते.

घर होतं आयर्लंड प्रजासत्ताकात, पण तिथे पोचायला प्रजासत्ताकातून वाट नव्हती. शेजाऱ्याच्या शेतात आपला एखादा वाफा राहून जावा, तसा तो काही मैलांचा तुकडा उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत घुसलेला होता. डिम्प्नाच्या क्लोनिस गावाहून निघालं की आधी उत्तरेत शिरायचं, मग पुन्हा दक्षिणेत, की आयव्हनचं फाटक. तसंच पुढे कॅव्हनकडे गेलं तर परत उत्तर, परत दक्षिण. पाटी कुठेच नव्हती. रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी असली की दक्षिण, पांढरी झाली की उत्तर, एवढंच. वीस वर्षांत डिम्प्नाचं त्या रेघेकडे लक्षही गेलं नव्हतं. जानेवारीत ते कागद येईपर्यंत.

कागद डब्लिनहून आले होते, घरसेवेच्या सगळ्या बायकांसाठी. सीमेवर पुन्हा चौक्या बसल्या, गाड्यांच्या रांगा लागल्या, तर कोणत्या रुग्णाकडे पोचणं अवघड होईल, याचा अंदाज हवा होता. सहावा प्रश्न होता, दिवसातून किती वेळा सीमा ओलांडता. कार्यालयातल्या मोठ्या टेबलावर बसून बायकांनी ते भरले. कन्सेप्टा डफी डिम्प्नाची जुनी सोबतीण, तिच्यासारखेच रस्ते तुडवणारी. तिने लिहिलं, 'अधूनमधून'. कुणी 'एकदा' लिहिलं. एकीने 'देव जाणे' लिहून खोडलं.

डिम्प्नाने कागद घरी नेला. पंधरा वर्षं औषधांचे तक्ते भरलेली बाई होती ती. आठाच्या जागी साडेआठ लिहिणं तिला जमत नसे. दुसऱ्या दिवशी तिने रेघेकडे बघत गाडी चालवली आणि आरशाला लटकवलेल्या जपमाळेचे मणी पुढे सरकवत गेली. सकाळी आयव्हन, मग पुढे कॅव्हनच्या बाजूच्या दोन म्हाताऱ्या, परतीचा रस्ता, संध्याकाळी पुन्हा आयव्हन आणि घर. दहा मण्यांचा फेरा संपला तरी मोजणी संपेना. तिने सहाव्या प्रश्नापुढे लिहिलं, 'बारा'.

डब्लिनमध्ये कुणीतरी ठरवलं होतं, की चारच्या वर आकडा गेला तर त्या बाईचे सगळे रुग्ण 'अतिधोक्यात'. फेब्रुवारीत यादी आली. कन्सेप्टाचे सगळे रुग्ण हिरव्या रकान्यात होते. कॅव्हनच्या दोन्ही म्हाताऱ्यांसाठी त्याच बाजूची एक बाई मिळाली, सीमा ओलांडायची गरजच नाही अशी. आयव्हनकडे जायला मात्र दुसरा रस्ताच नव्हता. त्याच्या नावापुढे लाल खूण आणि शेरा होता, २९ मार्चपूर्वी तात्पुरतं हलवावं.

"अगं, खरं सांगायला तू काय पाद्रीबाबापुढे बसली होतीस?" कन्सेप्टा म्हणाली होती. "त्या डब्लिनवाल्यांना बारा म्हणजे काय वाटलं असेल? चोरटा माल नेते वाटलं असेल."

आयव्हनने 'तात्पुरतं' हा शब्द वाचून सही केली होती. कुणाच्या वाटेत येऊ नये, असं त्याला फार वाटायचं.

नऊ वाजता डिम्प्नाने कार्यालयात फोन लावला. ग्रॉन्या मॅककेबने उचलला. वेळापत्रकं तीच लावायची. तिशीची, कामाला चोख मुलगी, पण आवाजावरून रात्रभर जागलेली वाटत होती. डिम्प्नाने सांगितलं, की तारीख पुढे गेली आहे, तर गाडी थांबव. गाडीच्या विम्याचं ते नवं हिरवं कार्डसुद्धा मंगळवारी टपालाने आलं आहे, उद्या चौकी बसली तरी मी जाऊ शकते. ग्रॉन्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की तारीख पुढे गेली म्हणजे रद्द झाली नाही.

"बारा एप्रिलला काय होणार ते तुम्ही मला सांगा, डिम्प्ना. मी आत्ता गाडी फिरवते."

"ते मी कसं सांगणार? त्यांचं त्यांनाच माहीत नाही."

"मग मला कुठून माहीत असणार?"

मग ग्रॉन्याने खरी गोष्ट सांगितली. आयव्हनचे चौदा तास गुरुवारीच दुसऱ्या नावावर चढले होते. बॅलीबेची एक बाई, पक्षाघात झालेली, घरात दोन लहान मुलं, सात महिने यादीत थांबली होती. सोमवारपासून तिच्याकडे मदतनीस जाणार. आता ते तास तिच्याकडून काढून घ्यायचे का?

ज्याच्यावर चिडावं असं कुणी समोर आलं असतं, तर बरं झालं असतं. बॅलीबेच्या बाईवर कशी चिडणार? ग्रॉन्यावरही नाही. लंडनमध्ये सहाशे माणसं एका खोलीत बसून आठवड्यामागून आठवडे 'नाही' म्हणत होती. करार नको, कराराशिवाय बाहेर पडणंही नको, आणि काय हवं ते विचारलं की सभागृह स्थगित. घोंगडं त्यांनी भिजत घातलं होतं आणि गारठत इथली माणसं होती.

"आयव्हन परत आले, तर तास परत मिळतील ना?" तिने विचारलं.

"नव्याने मूल्यमापन होईल. मग यादीत नाव."

"म्हणजे सात महिने."

"आता आठ चालू आहेत," ग्रॉन्या म्हणाली.

डिम्प्ना स्वयंपाकघरात आली. आयव्हनने अंडं संपवलं होतं आणि टरफलं बशीत एकात एक रचून ठेवली होती. ती त्याच्यासमोर बसली आणि तिने जानेवारीपासूनची सगळी हकीकत सांगितली. बाकीच्यांनी काय लिहिलं, तिने काय लिहिलं, आणि त्या आकड्याचं पुढे काय झालं.

"मी एक लिहिलं असतं, तर तुम्ही आज इथेच असता," ती म्हणाली.

आयव्हनने बोटांवर काहीतरी मोजलं.

"बारा कसे?" तो म्हणाला. "नदीजवळच्या वळणावर रस्ता चाळीस पावलं उत्तरेत जाऊन येतो. ते तू धरलं नाहीस, पोरी. वीस होतात."

तिला हसू आलं आणि त्याचाच राग आला. हा माणूस असाच होता. सत्तरच्या दशकात ब्रिटिश सैन्याने बंदूकधाऱ्यांची ये-जा थांबवायला ही वाट सुरुंग लावून उडवली होती. आजूबाजूचे कॅथलिक रविवारी जमून खड्डा बुजवायचे, सैनिक पुन्हा उडवायचे. आयव्हन प्रोटेस्टंट, त्या कामात त्याने असणं कुणालाच रुचलं नसतं. तो रविवारी आपल्या चर्चला जायचा आणि जाताना ट्रॅक्टर फाटकाबाहेर ठेवायचा, किल्लीसकट. त्याच्या चर्चमधली मंडळी विचारायची, सोमवारी ट्रॅक्टरला एवढा चिखल कसा रे? तो म्हणायचा, मी इकडे होतो ना, मला काय माहीत. डिम्प्नाचा बाप तो ट्रॅक्टर चालवणाऱ्यांपैकी होता. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोन वर्षांत त्यावर एकदाही बोलणं झालं नव्हतं.

अकराला पाच कमी असताना गाडी आली. चालक भला माणूस होता, पण त्याला वाट सापडायला वेळ लागला होता. त्याने विचारलं, इथे सीमा नक्की आहे तरी कुठे? आयव्हन म्हणाला, की तुम्ही पाच-सहा वेळा ओलांडून आलात, लागली का कुठे? चाकाच्या खुर्चीवरून गाडीत चढवताना त्याने घराकडे मान वळवली नाही. चूल विझवली का, एवढं विचारलं. डिम्प्नाने हो म्हटलं. खरं तर ती विझवायचं तिच्या जिवावर आलं होतं. गाडी गेल्यावर ती आत गेली आणि निखारे विझेपर्यंत बसून राहिली. नोंदवहीत तिने त्या दिवसाचा एक तास लिहिला. प्रत्यक्षात पावणेचार तास झाले होते.

एप्रिलच्या दहा तारखेला ब्रसेल्समध्ये पुन्हा बैठक बसली आणि तारीख एकतीस ऑक्टोबरवर गेली. फिन्टन, डिम्प्नाचा नवरा, टीव्हीपुढे बसून त्या सगळ्यांशी बोलत असे, जणू ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ही बातमी लागली, तेव्हा त्याने टीव्ही बंद केला आणि बटाटे सोलायला घेतले. थोड्या वेळाने म्हणाला, की आमच्या गुरांच्या बाजारात कुणी तीनदा बोली लावून तीनदा मागे फिरलं असतं, तर त्याला फाटकाच्या आत घेतलं नसतं. डिम्प्ना म्हणाली, की इथे फाटक कुठे लावायचं यावरच तर सगळं अडलं आहे.

तिने फेरमूल्यमापनाचा अर्ज केला होता, आयव्हनच्या सहीने. कार्यालयातून पत्र आलं, ३० एप्रिल, मंगळवार, सकाळी साडेदहा, वृद्धाश्रमातच. कन्सेप्टाने आपल्या वेळेतले आठवड्याचे चार तास द्यायची तयारी दाखवली होती. वर म्हणाली, की या वेळी कागद मी भरते, तू पेनाला हात लावू नकोस. ग्रॉन्याने आणखी तीन कुठून तरी काढले. सात झाले. सात तासांत रोज सकाळी त्याला उठवता आलं असतं; संध्याकाळी निजवायचं कुणी, ते नंतर बघायचं होतं.

तीस तारखेला डिम्प्ना सुट्टी टाकून मोनाहनला गेली. आयव्हन दाढी करून बसला होता. इथल्या मदतनीस मुलीकडून त्याने आपला कोट मागून घेतला होता, चर्चला जायचा तपकिरी, आणि वरपासून खालपर्यंत बटणं लावली होती. गेल्या पाच आठवड्यांत तो कोट त्याला सैल झाला होता. दिवाणखान्यात टीव्हीवर लंडनची तीच माणसं बोलत होती आणि त्यांच्यासमोर ओळीने बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी अर्धे झोपले होते.

साडेदहा झाले, अकरा झाले. सव्वाअकराला डिम्प्नाने बाहेर जाऊन ग्रॉन्याला फोन केला. ग्रॉन्याला आधी माहीतच नव्हतं. तिने चौकशी करून पाच मिनिटांनी उलट फोन केला. मूल्यमापन करणाऱ्या बाई डब्लिनला गेल्या होत्या, ऑक्टोबरच्या तयारीची बैठक होती. कळवायचं राहून गेलं.

"सीमेच्या तयारीची?" डिम्प्नाने विचारलं.

"हो," ग्रॉन्या म्हणाली. मग हलक्या आवाजात, "काही बोलू नका, डिम्प्ना. मला माहीत आहे."

डिम्प्ना आत आली. आयव्हनच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि त्याला सांगितलं, की आज नाही. पुढची तारीख देतील. तो हं म्हणाला. खोलीत उकडत होतं. तिने विचारलं, कोट काढू का?

"राहू दे जरा," तो म्हणाला. "घातलाच आहे तर."

ती जेवणाच्या घंटेपर्यंत त्याच्याजवळ बसली.

नवी तारीख पत्राने कळवू, असं कार्यालयाने सांगितलं आहे. आज दहा मे. पत्र आलेलं नाही.