बुडालेल्यांचा खेळ

भुताची फिल्म म्हणजे कशी हवी? सुळे हवेत, मोकळे केस हवेत, निदान एखादी कवटी तरी हवी. आप्पा तंबूवाल्यानं भाड्यानं आणलेल्या फिल्ममध्ये यातलं काही म्हणता काही नव्हतं. पुण्यात लोकांनी शिट्ट्या मारून ती बंद पाडली होती, मुंबईत चार दिवसांत उतरवली होती. एक खलाशी समुद्रात बुडतो आणि महिन्याभरानं ओल्या कपड्यांनी आपल्या घराच्या दारात येऊन उभा राहतो. आई त्याला आत घेते, जेवू घालते. तो कुणाचा गळा धरत नाही की कुणाला झपाटत नाही. पहाटे उठतो आणि परत पाण्यात चालत जातो. संपली फिल्म. यात घाबरायचं काय डोंबल?

आणि तरी तीस सालच्या त्या हिवाळ्यात, रत्नागिरीत मांडवीच्या वाळूच्या पुळणीलगत लावलेला आप्पाचा तंबू रोज फुटायला यायचा. मिऱ्यावरून, काळबादेवीहून माणसं चालत यायची, भाट्याची खाडीतल्या तरीनं यायची. जागा मिळाली नाही तर परत जायची आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आधीच येऊन बसायची. बावीस दिवस एकच फिल्म! आप्पा कपाळाला हात लावून म्हणायचा, "दाजी, दुसऱ्या गावात माणसं उठून गेली नि इथं हलत नाहीत. लोकांच्या मनातलं ब्रह्मदेवाच्या बापालाही कळायचं नाही."

दाजीला कळत होतं.

दाजी गुरव हा तंबूतला वाचणारा. फिल्म मुकी, मध्ये मध्ये पडद्यावर अक्षरं यायची, तीही गुजराती नि इंग्रजी. मिऱ्यावरच्या मासे विकणाऱ्या खारवणींना ती कोण समजावणार? दाजीनं तरुणपणी मुंबईत गुजराती शेठच्या कापडाच्या दुकानात वीस वर्षं काढलेली, म्हणून तो पडद्याशेजारी उभा राहून तीच अक्षरं मराठीत मोठ्यानं सांगायचा. आवाज खणखणीत. तो घराण्यातूनच आलेला. त्याचा बाप लांज्याकडच्या वेरवली गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा. बापानं सगळ्या गावासाठी देवाकडे मागावं आणि खाली बसलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणावं, हे दाजीच्या कानात लहानपणापासून बसलेलं.

आता या माणसाच्या पोटात काय होतं ते सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात तुफान झालं. त्यात मुंबईहून येणारी बोट बुडाली, मच्छीमारांचे मचवेही गेले. त्या बोटीत दाजीचा एकुलता मुलगा शिवा होता. शिवा मुंबईत गिरणीत होता आणि तीन वर्षं घरी आला नव्हता. मला तुला बघावंसं वाटतंय, एवढं लिहायला बापाचा हात धजला नाही. त्यानं लिहिलं, 'तुझी आई अंथरुणाला खिळली आहे, मिळेल त्या बोटीनं निघ.' हे लिहीत होता तेव्हा गोदा, म्हणजे शिवाची आई, अंगणात भात झोडत होती. धडधाकट.

शिवाच्या खोलीतला सोबती सदू पुढच्या बोटीनं आला आणि त्यानं मांडवीवर दाजीला गाठलं. आईसाठी जीव तुटतोय म्हणून शिवानं सदूचंच तिकीट मागून घेतलं होतं. त्यामुळे बुडालेल्यांच्या यादीत शिवाचं नाव नव्हतं. कुणाला सांगू नकोस अशी दाजीनं सदूला शपथ घातली आणि घरी जाऊन सांगितलं, शिवाला रजा मिळाली नाही. पुढं गिरण्यांचा संप झाला, तेही कारण पुरलं. महिन्यातून एकदा दाजी घरी जायचा, खिशातून कसला तरी कागद काढायचा आणि गोदाला शिवाचं पत्र वाचून दाखवायचा. तिला अक्षर येत नव्हतं. मुलगा गेला हे सांगायचं तर तो त्या बोटीवर का चढला हेही सांगावं लागणार. तेवढं मात्र त्याच्याच्यानं होत नव्हतं.

तंबूतल्या गर्दीचं म्हणाल तर ती चौथ्या दिवशी सुरू झाली. पहिले तीन दिवस रत्नागिरीतही कुत्रं फिरकलं नव्हतं. चौथ्या दिवशी मिऱ्यावरची सत्यवती खारवीण कुणाच्या तरी सोबतीनं आली. तिचा नवरा लवू त्याच तुफानात मचव्यासकट गेलेला, हाडूकसुद्धा हाती लागलं नव्हतं. पडद्यावर खलाशी दारात उभा राहिला मात्र, ही बाई ताडकन उठली आणि म्हणाली, "लवू, उभा का? आत ये." कुणी हसलं नाही. पेटीवाल्यानं पेटी थांबवली. दाजीनं पुढची अक्षरं वाचायला तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून बापाचा आवाज आला. "बा देवा म्हाराजा, मिऱ्याचा लवू दारात आलाय, त्याला आत येऊ दे रे म्हाराजा." आणि सगळा तंबू एका सुरात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

दुसऱ्या दिवसापासून खेळाआधी तंबूच्या मागच्या अंगाला बायका रांग लावू लागल्या. एकेकीनं यायचं, आपल्या माणसाचं नाव नि गाव सांगायचं. दाजी खोक्यावर बसून, मान खाली घालून ऐकायचा, पाठ करायचा आणि दाराच्या प्रसंगाला एकेक नाव घ्यायचा. सगळी नावं मावावीत म्हणून मशीनवाला तिथं हँडल सावकाश फिरवायचा, फिल्म जळणार नाही इतपतच. चाळीसच्या वर नावं झाली. समुद्रानं ज्यांना परत दिलं नव्हतं, त्यांना दारात बघायला ही माणसं येत होती. भुताला घाबरतील कशी? भूत त्यांच्याच घरचं होतं.

फक्त शिवाचं नाव दाजी घेत नव्हता.

तेविसाव्या दिवशी रांग नेहमीसारखीच होती. काळबादेवीची दोन नावं झाली. मग पुढची बाई म्हणाली, "शिवा गुरव. गाव वेरवली."

दाजीनं मान वर केली. समोर गोदा उभी होती. रत्नागिरीत बुडालेल्यांची नावं घेतात, ही बातमी काजू विकणाऱ्या सोनूबाईनं वेरवलीत नेली होती आणि तिच्याचबरोबर गोदा सकाळच्या मोटारीनं आली होती.

"अगो, शिवा मुंबईत हाय," दाजी म्हणाला. सवयीनंच म्हणाला.

"पुरे झालं वो," गोदा म्हणाली. "माझा शिवा चार ओळी लिवायचा, त्यातल्या तीन मला ओरडायच्या असायच्या. उन्हातानात का राबतेस, काढा का घेत नाहीस. तुफानानंतरच्या तुमच्या पत्रातला शिवा दोन वर्षांत एकदा माझ्यावर रागावला नाय. भारीच शहाणा झालावता. मला काय कळत नसेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. बाकीच्या बाया रडून मोकळ्या झाल्या. मला तुम्ही रडूसुद्धा दिलं नाय. वाडीत हसून सांगत फिरले, शिवाचं बरं चाललंय म्हणून." ती खोक्याजवळ सरकली. "एवढं सांगा. दिवाळी तर होऊन गेली होती. तो त्या बोटीवर कशाला चढला?"

मागच्या बाईनं गोदाच्या खांद्यावर हात ठेवला. आत आप्पानं घंटा वाजवली. दाजी उठला आणि आत गेला. भित्रा माणूस, दुसरं काय म्हणणार?

खेळ सुरू झाला. जहाज बुडालं, महिना गेला, खलाशी ओल्या कपड्यांनी दारात आला. दाजीनं नावं घ्यायला सुरुवात केली. मिऱ्याचा लवू, मग काळबादेवीचे, मग भाट्याचे. प्रत्येक नावाला तंबू 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. सगळी नावं संपली. दाजीनं डोळे मिटले आणि म्हणाला, "वेरवलीचा शिवा गुरव दारात आलाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पडद्यावर अक्षरं आली. आई, मला ओळखलंस का, असं तिथं लिहिलेलं होतं. दाजी रोज तेच वाचायचा. आज त्यानं पडद्याकडं पाठ केली आणि बायकांच्या बाजूला तोंड करून वाचलं, "आई, तू बरी हायस ना? बाबांनी लिवलं, तू अंथरुणाला खिळलीस. म्हणून सदूचं तिकीट घेऊन निघालो."

रोज येणाऱ्यांना ठाऊक होतं, हे फिल्ममध्ये नाही. मशीनची तेवढी घरघर चालली होती. मग अंधारातून गोदाचा आवाज आला.

"मी बरी हाय रे शिवा. मला काय धाड भरली होती? ये, तू आत ये."

"व्हय म्हाराजा," सत्यवती म्हणाली, आणि मग सगळेच म्हणाले. त्यानंतर गोदानं जो हंबरडा फोडला तो दोन वर्षं दाबलेला होता. बायकांनी तिला धरलं. फिल्म पुढं चालत राहिली, खलाशी जेवला, झोपला, उठून पाण्यात गेला. मधली अक्षरं कुणी वाचली नाहीत आणि कुणी मागितलीही नाहीत.

माणसं पांगल्यावर दाजी बाहेर आला. गोदा पुळणीवर बसली होती, सोनूबाई थोडी लांब उभी होती. दाजीला वाटत होतं, हिनं आपल्याला शिव्या घालाव्यात, तोंडात मारावी, काहीही करावं. तिनं तसलं काही केलं नाही.

"मी त्या दिवशी भात झोडत होते," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "आणि तिकडं बुडताना त्याला वाटत असेल, आई मरायला टेकलीय नि मी पोचत नाय."

दाजी तिच्या शेजारी बसला. "व्हय," तो म्हणाला.