पालक की दत्तक

मावशीला वाटलं होतं, पालक म्हणा नाहीतर दत्तक म्हणा, दोन्ही एकच. शाळेचे गणवेश शिवण्यात जिचा जन्म गेला, तिला कायद्याचे शब्द कोण समजावणार? बहीण गेली, मेहुणा त्याआधीच गेलेला, आणि नऊ वर्षांची ठमी गेली दोन वर्षं मावशीच्या मशीनशेजारी वाढत होती. आता शाळेने कागद मागितले. मावशी म्हणाली, चला, या निमित्ताने पोर कागदावरही माझी होऊन जाऊ दे. मनातून केवढी हरखली होती बाई!

वकीलबाईंनी दोन वेगवेगळे अर्ज पुढे ठेवले.

"पालक म्हणजे भाजी ना?" ठमीने विचारलं.

"गप गं," मावशी म्हणाली, पण वकीलबाईही हसल्या.

मग त्यांनी नीट उलगडून सांगितलं. दत्तक घेतलं की ठमी कायमची मावशीची मुलगी. जन्मदाखल्यावर आईच्या जागी मावशीचं नाव. पालक झाली तर सांभाळ, सह्या, शाळा, दवाखाना सगळं मावशीकडे, पण कागदावर आई म्हणून बहिणीचंच नाव राहणार. आणि ठमी अठराची झाली की पालकत्व संपलं.

संपलं हा शब्द मावशीच्या जिव्हारी लागला. "दत्तकच," ती ताडकन म्हणाली.

ठमीचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे आईचं नाव खोडणार?"

"खोडत नाहीत गं, बदलतात," मावशी म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. खरं सांगायचं तर दोन वर्षं तिचे कान 'आई' या हाकेसाठी आसुसले होते. ती हाक अर्ज भरून मिळवायला निघालो होतो आपण, याची तिला लाज वाटली. तिने दुसरा अर्ज ओढला.

"विचार करा," वकीलबाई म्हणाल्या. "अठरानंतर कायद्याने तुमचा तिच्यावर काही हक्क नाही."

"नसू दे," मावशी म्हणाली. पण 'मुलीशी नातं' या रकान्यापाशी पेन अडलं.

"दे, माझं अक्षर बरं आहे," म्हणत ठमीने पेन घेतलं. जीभ दाताखाली धरून तिने सावकाश लिहिलं, मावशी. मग वकीलबाईंकडे पाहून विचारलं, "हे पण अठराव्या वर्षी संपतं?"

"नाही. याला मुदत नसते."

खाली सही करायला मावशीला बराच वेळ लागला.