टाकीची बाजू

चिमट्यात धरलेला इवलासा सिग्नल त्यानं रुळाशेजारी रोवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि आईची चाकांची खुर्ची टेबलापर्यंत ढकलत आणली.

जन्मभर त्यानं लोकांच्या कवळ्या केल्या होत्या. त्यामुळे हे आडवाटेचं स्टेशनही दातांच्याच सामानातून उभं राहिलं होतं. फलाट प्लास्टरचा, टेकडी मेणाची आणि कौलं हिरड्यांच्या गुलाबी रंगाची. "गाडी आली की चावेल हं," असं बायको येताजाता म्हणायची. म्हणू दे. वडील तिथे स्टेशनमास्तर होते, आईचा संसार तिथेच सुरू झाला होता. आता आई त्याला ओळखत नव्हती. आपली कवळी घासून देणारा कोणी भला माणूस, एवढाच तो तिच्या लेखी उरला होता. हे स्टेशन पाहून तरी तिला आपला मुलगा आठवेल, अशी वेडी आशा धरून तो महिनोन्‌महिने मान मोडून बसला होता.

जवळ एकही फोटो नव्हता. तरी पाण्याची टाकी, फाटक, झाडाखालचा बाक, सगळं त्याला लख्ख आठवत होतं. घोडं अडलं होतं ते स्टेशनच्या नावाच्या पाटीवर. तिची अक्षरं आठवायला गेलं की नुसत्या वेड्यावाकड्या रेघा दिसत. तेव्हा आपल्याला वाचता कुठे येत होतं, अशी मनाची समजूत घालून त्यानं पाटी कोरीच ठेवली होती.

आई बराच वेळ बघत राहिली.

"छान केलंय हो. कुठलं स्टेशन हे?"

"आपलंच, आई. हे बघ, हे आपलं घर."

"छे. आमची टाकी उजवीकडे होती. आणि फाटक तिकडे."

"डावीकडेच होती. मी खाटेवरून रोज बघायचो."

त्याचा आवाज जरा चढलाच. दारातून बायकोनं डोळे वटारले. तो टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला. मागून टाकी उजवीकडे येत होती खरी, पण मग फलाटच इमारतीआड जात होता. तो परत पुढे आला. पुन्हा मागे गेला. आईचं काय, तिचं सगळंच उलटसुलट झालंय, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते काही पटेना. ती इतकी ठामपणे हल्ली काहीच बोलत नसे.

आईनं मांडीवरचा हातआरसा उचलला. कवळी बसवल्यावर तो तिला रोज द्यायचा, तोच.

"माझी खुर्ची फिरवा बघू."

त्यानं फिरवली. टेबलाकडे पाठ करून तिनं आरसा खांद्याच्या उंचीवर धरला आणि तिचा चेहरा खुलला.

"हे बघा. हे आमचं."

तो तिच्यामागून वाकला. आरशात टाकी उजवीकडे होती, फाटक डावीकडे, आणि फलाट समोर होता तिथेच.

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?" आईनं हळूच विचारलं. "असं उलटं तर फक्त आमच्या बाळानं पाहिलंय. पाय प्लास्टरात, उताणा पडून असायचा. खिडकी त्याच्या डोक्यामागे. गाड्या बघायच्या म्हणून रडायचा, मग मी समोर आरसा टांगला."

लहानपणी पाय मोडला होता, हे त्याला ऐकून ठाऊक होतं. आरसा मात्र मुळीच आठवेना. त्याला तर खिडकीच आठवत होती. मग इतकी वर्षं आपण बघत होतो ते काय, हेच त्याला कळेनासं झालं.

मीच तो, असं ओठांवर आलं होतं. पण याआधी तसं म्हटलं की ती घाबरून बायकोला हाक मारायची. तो तिच्यासारखीच टेबलाकडे पाठ करून खुर्चीशेजारी जमिनीवर बसला, मागे रेलून खुर्चीच्या हातावर डोकं टेकलं आणि वर आरशाकडे बघू लागला.

आईनं त्याच्याकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. मग मांडीवरची शाल ओढून तिनं तिची घडी केली आणि त्याच्या मानेखाली सारली.

"नीट टेक डोकं. मान अवघडेल." तिनं आरसा खाली करून त्याच्या नजरेसमोर धरला. "दिसतेय का टाकी?"

"दिसतेय," तो म्हणाला. "उजवीकडे."