फोनपुरता आकडा

कानाची पाळी आधी गुलाबी झाली, मग कडेने लालसर. पाळीला लावलेल्या क्लिपमधली चकती अंगापेक्षा थोडीच गरम होती. फुगायला ठेवलेल्या पिठाच्या गोळ्याजवळ हात नेला की लागते, तेवढी ऊब. जन्मभर बेकरीच्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला एवढा फरक सहज कळला. पिठाने आणि धुराने फुप्फुसं खाल्ली होती, पण कातडीची समज शाबूत होती.

"चटका बसतोय का काका?" दवाखान्यातून आलेल्या तंत्रज्ञ बाईने विचारलं.

"छे! कान पिळायलाच आलीस की काय, पोरी? शाळा सुटल्यापासून कुणी धरला नव्हता."

हे काही खरं नव्हतं. बायको घरीच त्याचे केस कापायची, तेव्हा कान हलकेच दुमडून धरायची. ती गेल्यावर ते काम न्हाव्याकडे गेलं, आणि न्हाव्याला नेहमीच घाई.

"सुई नाही, रक्त नाही," बाई म्हणाली. "अंगात साठलेला कार्बन डायऑक्साइड कातडीतून मोजायचा. तुम्ही खुशाल झोपा. मी इथेच आहे."

ती खुर्चीत वाचत बसली. पान उलटल्याचा आवाज ऐकता ऐकता त्याचा डोळा लागला. घरात दुसरं माणूस असताना झोपायची सवयच मोडली होती.

जाग आली तेव्हा डोकं जड होतं. क्लिपला जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर बावन्न; झोपण्याआधीपेक्षा जास्त. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं, म्हणजे लेकीच्या फोनची वेळ. हात आपसूक उशाशी चालू असलेल्या ऑक्सिजनच्या मशीनकडे गेला. बटण फिरलं, काचेच्या नळीतली गोळी एकवरून तीनवर उडाली.

"अहो काका, हे काय करताय?"

"फोन येईल आता. ती बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा विचारते. कमी सांगितला की रडायला लागते."

"रोज वाढवता?"

"फोनपुरता." त्याने नाकातली नळी सारखी केली. "कधी कमी करायचं राहून जातं. झोप लागते."

बाई उठून मशीनजवळ आली तोवर पडदा सत्तावन्नवर गेला होता. बोटावरचं यंत्र मात्र शहाण्णव दाखवत होतं. तिने गोळी पुन्हा एकवर आणली.

"बोटाला फक्त ऑक्सिजन कळतो. आत काय साठतंय ते त्याला दिसत नाही. जास्त ऑक्सिजन मिळाला की तुमच्या अंगात हा दुसरा वायू तुंबतो. सकाळी डोकं दुखतं ना?"

"दुखतं."

"असेच एकदा झोपाल आणि उठणार नाही." तिचा आवाज मऊच होता. "रात्री श्वासाला मदत करणारा मास्क सांगितला होता डॉक्टरांनी."

"तो एकट्याला नीट बांधता येत नाही. सुटला तर बघणारं कोण?"

"मग?"

"बघू."

बायको गेल्यापासून लेकीलाही तो हेच सांगत आला होता. तिने आपल्या घरी त्याच्यासाठी खिडकीजवळची खोली रिकामी ठेवली होती. विचारून विचारून ती दमली, आणि आता फक्त आकडा विचारायची. तिच्या घरी जायला त्याची ना नव्हती. इथल्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं मात्र जिवावर येत होतं. आत दोन कप अजून शेजारी शेजारी टांगलेले होते; एक रोज विसळायचा, दुसरा अधूनमधून नुसताच पुसायचा.

फोन वाजला. बाईने पुस्तक मिटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

"बाबा, जेवलात? आकडा किती आज?"

त्याने बोटाकडे पाहिलं. आकडा अजून उतरला नव्हता.

"शहाण्णव."

"वा! मग ठीक आहे. उद्या करते."

"थांब गं." दम लागला. त्याने कानावरच्या क्लिपला हात लावला; ऊब तशीच होती. "त्या आकड्यावर जाऊ नकोस. तुझा फोन यायचा असला की मी मशीन वाढवून ठेवतो."



"बाबा?"

"मला इथे एकट्याला जमत नाही आता," तो म्हणाला. "येतो तुझ्याकडे राहायला. न्यायला ये."