कप्तानसाहेबांचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं ओकचं टेबल आहे, आणि मला माझीच किळस येते. टेबलाला कसली आलीय किळस, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर.

जर्मनीतल्या एका लहान गावात, वाल्बुर्गाबाईंच्या बिअरच्या खानावळीत, शेगडीजवळच्या कोपऱ्यात माझा जन्म गेला. मी नेहमीच्या गिऱ्हाइकांचं टेबल. माझ्याभोवती आठ खुर्च्या. ज्याची खुर्ची त्याचीच. तो आला नाही तर ती रिकामी राहायची.

पहिल्या महायुद्धानंतर इथे थाट होता कप्तान एकबर्ट लोमारचा. शत्रूची आठ विमानं पाडलेला वैमानिक! त्याच्या शेजारी बसायचा गावचा ज्यू घड्याळजी, जूलियस फाइस्टमान. युद्धात तो कप्तानाच्या विमानाचा मेकॅनिक होता. विमान पेटलं तेव्हा त्यानेच कप्तानाला आगीतून ओढून काढलं होतं.

माझ्यावर मूठ आपटून कप्तान म्हणायचा, "हा नसता ना, तर माझा कोळसा झाला असता! वाल्बुर्गाबाई, याला आणखी एक पेला!"

"पुरे हो कप्तान, दर रविवारी काय तेच!" जूलियस लाजायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे कप्तान नाझी पक्षात गेला. त्यांना मिरवायला वीर हवेच होते. तपकिरी गणवेश आला, खासदारकी आली, जिल्ह्याचं प्रमुखपद आलं. भाषणांत तो आता आगीतून स्वतःच उडी मारून वाचू लागला. एका रविवारी जूलियस आला, तर त्याच्या खुर्चीवर कप्तानाची टोपी.

"ती जागा भरलीय," कप्तान त्याच्याकडे न बघताच म्हणाला. बाकीचे सहा जण मुकाट्याने बिअर पीत राहिले.

अडतीस सालच्या नोव्हेंबरात देशभर ज्यूंची धरपकड झाली, तेव्हा जूलियसलाही धरून छावणीत नेलं. त्याची ख्रिस्ती बायको हेडविग एक कागद घेऊन धावत आली. पहिल्या युद्धात आघाडीवर लढलेल्या ज्यूंना सोडताहेत, असं तिने ऐकलं होतं.

"साहेब, तो तुमच्या हाताखाली होता, एवढ्यावर सही करा. बाकी काही नको."

कप्तानाने आपला ओला पेला त्या कागदावर ठेवला. "या नावाचा कोणी मला आठवत नाही, बाई."

तिने एकेकाकडे पाहिलं. डॉक्टर, मास्तर, खाटीक, सगळ्यांनी ती आगीची गोष्ट शंभरदा ऐकलेली. एकानेही ब्र काढला नाही. तीन आठवड्यांनी हेडविगला टपालाने नवऱ्याची राख आली.

दुसरं महायुद्ध जर्मनी हरल्यावर कप्तान तीन वर्षं कैदेत काढून गावी परतला. मग जुन्या नाझींच्या चौकशी मंडळापुढे उभं राहायचं, तर चांगल्या वर्तणुकीची पत्रं हवीत. गावात तेव्हा अशा पत्रांचा सुळसुळाट होता. तू माझं लिही, मी तुझं लिहितो. ते सहाही जण माझ्यावर वाकून लिहीत बसले. कोणी लिहिलं 'मनाने मऊ', कोणी 'पक्षात केवळ नाइलाजाने'. मला शिसारी आली.

हेडविग तेव्हा खानावळीत भांडी घासायची. कप्तानाने तिला हाक मारली.

"हेडविगबाई, बसा हो! जूलियस माझा जिवलग होता, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? दोन ओळी लिहा."

"आज नाव आठवलं वाटतं?" तिने हात पुसले आणि लिहिलं: 'जूलियस फाइस्टमान कोण, हे यांना आज आठवलं. एका सहीने तो सुटला असता, तेव्हा आठवलं नाही.'

कप्तानाने तो कागद वाचला आणि शेगडीत टाकला.

"बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय," मास्तर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सहा पत्रांवर कप्तान मंडळापुढे निर्दोष ठरला. पुढच्याच रविवारी आपल्या खुर्चीवर येऊन बसला आणि मरेपर्यंत बसत राहिला.

आता नवे मालक मला पॉलिश करून 'वीर वैमानिकाचं टेबल' अशी पाटी लावणार आहेत. मित्रांनो, मला पॉलिश नको. पाटी लावायचीच तर जूलियसच्या नावाची लावा. मी काही बोललो नाही, कारण लाकडाला तोंड नसतं. पण हेडविग सही मागायला आली, त्या दिवशी माझ्याभोवती सात तोंडं होती.